संयुक्त छायाचित्र, तीन प्रती

पेन्शनच्या कागदांची जी यादी असते, तिच्यात खालून तिसरी ओळ अशी आहे : 'पती-पत्नीचे संयुक्त छायाचित्र, तीन प्रती.' ही यादी मी चौतीस वर्षं निवृत्त होणाऱ्या लोकांच्या हातात ठेवत आलो. आस्थापना शाखेत बसणाऱ्या बाबूला दुसरं काम काय असतं! लोक घाबऱ्या चेहऱ्याने विचारायचे, "बाबूजी, याच्यात कठीण काय आहे?" मी कधी सेवापुस्तकावर बोट ठेवलं, कधी ना-देय प्रमाणपत्रावर. खालून तिसऱ्या ओळीवर कधीच ठेवलं नाही. फोटो काय, कोणत्याही दुकानात पाच मिनिटांत निघतो, असं माझं ठाम मत होतं. मग जूनअखेर माझी स्वतःची पाळी यायची होती, म्हणून एप्रिलातच ती यादी मी घरी, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आणून रत्नमालापुढे ठेवली.

तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "बाकी सारं जमवा. फोटो मी नाही काढत."

रत्नमाला माझी बायको. गावच्या अंगणवाडीत सेविका. भित्री म्हणाल तर मुळीच नाही. ग्रामसभेत ती उभी राहिली की सरपंच आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढतात. पण बारा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या कानाजवळ कोडाचा एक पांढरा ठिपका उठला. तो सावकाश गालावर उतरला आणि हनुवटीपाशी येऊन थांबला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखत नाही, कोणाला लागत नाही, कातडीचा रंग गेला एवढंच. तिने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पोरांना खिचडी वाढायला गेली. बाजार, लग्नं, विहारातले कार्यक्रम, काही सुटलं नाही. सुटला तो फक्त फोटो. कोणी कॅमेरा काढला की ती डाव्या बाजूने पदर ओढून एक पाऊल मागे सरकते. आमच्या मुलीच्या, भावनाच्या लग्नाच्या अल्बमात नवरीची आई शोधायला पाहुण्यांना मदत करावी लागते.

मी तिला याबद्दल कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आमच्या घरात पाण्याच्या मोटारीपासून महागाई भत्त्यापर्यंत सगळ्यावर चर्चा होते. गालावर झाली नाही.

आता पंचाईत अशी, की फोटोशिवाय फाईल हलत नाही. आणि माझ्यामागे ती पेन्शन तिच्याच नावे व्हायची असते, म्हणजे खरं पाहता हा फोटो माझ्यापेक्षा तिच्या कामाचा. हे मी तिला दोन वेळा समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी ती उठून तांदूळ निवडायला बसली. आमच्याकडचे तांदूळ आधीच निवडलेले होते.

अशा मनःस्थितीत एका रविवारी मी कुलरसमोर आडवा पडून मोबाईल पाहत होतो. त्यात एक दाढीवाला गृहस्थ आला. हिंदीतून शिकवत होता. त्याने खोली पूर्ण अंधारी केली, मागे काळा पडदा सोडला, एका बाजूला एकच दिवा लावला आणि समोर एका म्हाताऱ्याला बसवलं. त्या म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा अंधारातून असा वर आला की मी उठून बसलो. कपाळ, एक डोळा, नाकाची कड. बाकी सगळं काळोखात. या प्रकाराला 'लो-की' म्हणतात आणि मोठमोठे कलावंत असेच फोटो काढतात, असं दाढीवाल्याने सांगितलं. एवढं मौल्यवान ज्ञान तो फुकट वाटत होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवा उजवीकडे ठेवायचा, डावा गाल अंधारात जाईल. कला म्हणून कला, आणि कार्यालय म्हणून कार्यालय! तिला कारण मात्र सांगायचं नाही. निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा, असं सांगायचं. भावनाने कॉलेजात असताना घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता. तो मी खाली काढला, बॅटरी चार्जिंगला लावली आणि त्या क्षणापासून स्वतःला छायाचित्रकार समजू लागलो.

पहिली गरज काळ्या कापडाची. भंडाऱ्याच्या बाजारात जाऊन मी सहा मीटर काळं सुती कापड मागितलं. दुकानदाराने थान अर्धं उलगडलं आणि हात थांबवला. "मोर्चा कोणत्या तारखेले आहे जी?"

"मोर्चा नाही. फोटो काढायचा आहे."

"मंग सहा मीटर कायले? दंडाले बांधाले तं वीतभर पुरते." त्याने कापड फाडलं, घडी केली, आणि पिशवी देताना खाली वाकून हळूच म्हणाला, "आमाले एक दिवस आधी सांगा. दुकान उघडाचं का नाही, ते ठरवाले बरं."

मी छायाचित्रणाचा इतिहास त्याला थोडक्यात सांगितला. त्याने तो आदराने ऐकला आणि पुन्हा तारीख विचारली.

दुसरी गरज परावर्तकाची. म्हणजे दिव्याचा उजेड उलट्या बाजूने थोडासा परत फेकायला एक चकचकीत पत्रा लागतो. ही अडचण मी कुंपणावरून शेजारच्या टिकारामजींना सांगितली. टिकारामजींचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे पितळेचा उपाय असतो.

"उजेडच फेकाचा आहे ना बाबूजी? मंग पितळेपरीस चांगला कोण फेकते?" असं म्हणून संध्याकाळी ते चिंचेने घासलेली एक परात घेऊन आले. परात एवढी मोठी, की तिच्यात लग्नाची कणीक मळली जावी. ती त्यांनी माझ्या तोंडासमोर धरली. "पाहा. चांदीवाला उजेड माणसाले बिमार दाखवते. पितळेचा उजेड माणसाले घरचा दाखवते. पण पहिला फोटो माझा काढाचा."

टिकारामजींना मी आमच्या मागच्या खोलीत बसवलं. भावनाच्या अभ्यासाच्या दिव्याला जुन्या कॅलेंडरची गुंडाळी लावली, म्हणजे उजेड इकडेतिकडे पसरत नाही. परात एका खुर्चीवर टेकवली. दोन तास खपून एक फोटो असा निघाला, की मी स्वतःच त्याच्याकडे पाहत राहिलो. टिकारामजी आयुष्यात पहिल्यांदा विचार करताना दिसत होते. ते इतके खूश झाले की त्यांनी तो मोठा करून घेतला, चौकट बसवली आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावला.

तिसऱ्या दिवशी लाखनीकडचे एक गिऱ्हाईक दुकानात आले. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. काळी पार्श्वभूमी, त्यातून वर आलेला गंभीर चेहरा. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, थोडा वेळ डोळे मिटले. मग गल्ल्यावर बसलेल्या टिकारामजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "मोठे भाऊ लय चांगले होते जी. पाण्याचा गुंड घेतला तं झाकण फुकट द्याचे. तुमचा चेहरा थोडा थोडा त्याहीच्यावरच गेला."

"अन् तुमी काय म्हटलं?" मी टिकारामजींना विचारलं.

"काय म्हणाव? झाकण फुकट देलं."

माझी पहिली कलाकृती त्या संध्याकाळी भिंतीवरून उतरली. टिकारामजींनी दोष मला दिला नाही, पण परात कधी परत देता, असं दोनदा विचारलं. जगातल्या अनेक कलावंतांच्या वाट्याला हेच आलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली.

मग मी रत्नमालाला बसायला सांगितलं.

"पेन्शनचा नाही ना?"

"नाही. नुसता सराव."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि हात पुसत येऊन बसली.

ते दिवस मेचे होते आणि मी शिल्लक रजेवर घरीच होतो. दुपारी दोन वाजता शहापुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि महामार्गावरच्या ट्रकांचा आवाजसुद्धा उन्हाने वितळल्यासारखा लांबून येतो. अशा वेळी मी मागच्या खोलीच्या खिडक्यांवर चादरी ठोकायचो, दाराच्या फटीत गोणपाट सारायचो आणि कुलर बंद करायचो, कारण वाऱ्याने काळा पडदा हलतो. घाम टपटप गळायचा. पण एकदा अंधार झाला की त्या खोलीचं काहीतरी व्हायचं. भिंती दूर जायच्या. लाईट गेली की दिवा बंद, म्हणून मी एका खिडकीची चादर चार बोटं बाजूला सारून ठेवली होती. टिकारामजींच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडायचं, तिथून ते आमच्या खिडकीतून आत यायचं, परातीवर टेकायचं आणि पिवळं होऊन तिच्या खांद्यावर उतरायचं. त्या पट्ट्यात धूळ तरंगत राहायची. ती पाहता पाहता मी कितीदा तरी बटण दाबायचं विसरलो.

ती खुर्चीवर बसायची आणि मी पाहायचो. फोटो काढण्याच्या कामात नव्वद टक्के पाहणंच असतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. उजवी भुवई टोकाला जरा तुटलेली आहे, तिथे लहानपणी पडल्याची खूण. बोलायच्या आधी खालचा ओठ थोडा आत जातो. कानामागे तीन पांढरे केस एकत्र राहतात, बाकी सगळे काळे. एकतीस वर्षं हे सगळं रोज माझ्यासमोर ताटावर बसत होतं आणि मी वाटीत वरण किती उरलं ते पाहत होतो.

अंधारात ती बोलायचीही. उजेडात कधी न सांगितलेल्या गोष्टी. लाखनीकडे तिचं माहेर. तिथल्या तलावात तिचा बाप शिंगाडे काढायला जायचा आणि हिला काठावर बसवून जायचा. दुपारी पाणी इतकं निवांत व्हायचं की त्यात स्वतःचं तोंड दिसायचं, मग ही त्याच्याशी भांडायची. "थे बी भांडे मायासंगं," ती सांगायची आणि हसायची. कधी बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. मी कॅमेरा मांडीवर ठेवून बसून राहायचो. बाहेर कुठेतरी कोणी पाण्याची टाकी भरत असायचं. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं, निवृत्तीची तारीख येऊच नये.

पण कलेत एक विघ्न होतं. दाढीवाल्याचं म्हणणं, की अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण पडला पाहिजे. तो पडला तरच प्रकाशयोजना शुद्ध, नाहीतर नापास. आणि तो त्रिकोण पडायचा कुठे? नेमका तिच्या डाव्या गालावर, नेमका त्या पांढऱ्यावर! मी दिवा मागे घेतला, पुढे घेतला, कॅलेंडरची गुंडाळी लांब केली. त्रिकोण जाईना. दिवा पार बाजूला नेला तेव्हा गेला, आणि मग मला कानात दाढीवाल्याचा दुःखी आवाज ऐकू येऊ लागला. एका बाजूला कलेचा नियम, दुसऱ्या बाजूला माझी बायको. मी कलेला सोडलं.

सहाव्या की सातव्या दुपारी लाईट गेलेली होती. ती तलावाचंच काहीतरी सांगत होती. ऊन किंचित सरकलं, परातीवरून उसळलं आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली येऊन थांबलं. त्रिकोण. पांढरा गाल त्या पितळी उजेडात सोन्याचा दिसू लागला आणि ती कुठेतरी लांब पाहत होती. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. मागच्या काचेवर मी तो फोटो पाहिला. एवढी सुंदर बाई आपल्या घरात राहते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"दाखवा," ती म्हणाली.

"हलला," मी म्हणालो आणि पुढचा काढला. पुसून टाकायला हात धजला नाही. दाखवायला धीर झाला नाही.

आता मुद्दा राहिला संयुक्त फोटोचा. 'दोघांचाही सराव करून पाहू' असं म्हणून मी दुसरी खुर्ची मांडली. कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायची सोय असते, बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी. दहा सेकंदांत अंधारातून खुर्चीपर्यंत पोचायचं, बसायचं आणि चेहऱ्यावर निवृत्त माणसाला शोभेल असा भाव आणायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या अकरा फोटोंत माझी पाठ आहे. बाराव्यात फक्त दोरीवर वाळत घातलेल्या बनियनचा कोपरा आहे, तो तिथे कसा आला मला माहीत नाही. तेराव्या वेळी माझा पाय परातीच्या खुर्चीत अडकला. परात उलटली, भिंतीवर आपटली आणि खोलीभर गरगरत असा आवाज करत फिरली, की मीच कान झाकले.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "लागला! लागला हंडा!"

मग दारावर थापा पडल्या. दार उघडलं तर पोलीस पाटील इश्वर काठी घेऊन उभे, मागे सात-आठ माणसं, आणि सगळ्यांत पुढे समोरच्या निर्मलाबाई. निर्मलाबाईंनी आठ दिवस आमच्या बंद खिडक्या पाहिल्या होत्या. काळं कापड घरात जाताना पाहिलं होतं. मोठी परात पाहिली होती. रोज ठरल्या वेळी नवरा-बायको आत जातात आणि घामाने भिजून बाहेर येतात, हेही पाहिलं होतं. यावरून आम्ही मागच्या खोलीत गुप्तधन काढत आहोत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यात माझ्या गळ्यात काळ्या पडद्याचं टोक अडकलेलं आणि आत मिणमिणता दिवा. माझी बाजू फार भक्कम नव्हती.

"पाटील!" मी जमेल तेवढा ताठ झालो. "वीस वर्षं मी विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देतो आहे. तुम्ही स्वतः ऐकली आहेत."

"त्याच्यानंच तं शंका आली जी," इश्वर नम्रपणे म्हणाले. "काय काय करतेत, कसं कसं करतेत, थे गावात तुमालेच पुरं माहीत आहे."

माझ्या वीस वर्षांच्या प्रबोधनाचं हे फळ मी उंबरठ्यात उभा राहून मुकाट्याने घेतलं. एवढ्यात आतून रत्नमाला आली. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "निर्मलाबाई, बाहेर काहून उभ्या? आत या. तुमचाबी काढून देतेत."

सगळे आत आले. फरशी कुठे उकरलेली नाही, याची इश्वर पाटलांनी पायाने ठोकून खात्री केली. निर्मलाबाई खुर्चीवर बसल्या. मी फोटो काढला आणि काचेवर दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"अवो माय! माह्यं अर्धं तोंड कुठं गेलं?"

"ही कला आहे, निर्मलाबाई."

"कला आहे तं पुरी काहून नाही काढली?"

या प्रश्नाचं उत्तर दाढीवाल्याच्या एकाही व्हिडिओत नाही.

माणसं पांगल्यावर मी सहज कॅमेरा उघडला तर परातीच्या गोंधळात तेरावा फोटो निघालेला. मी नुकताच खुर्चीवर आदळलेलो, ती शेजारी बसलेली. माझा उजवा अर्धा चेहरा, तिचा उजवा अर्धा चेहरा, बाकी काळोख. तिने तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "याच्यात तं काहीच नाही दिसत. द्या हाच ऑफिसात." मी आनंदाने तीन प्रती काढल्या.

आमच्या शाखेत माझ्या जागेवर आता कुलदीप बसणार होता. माझ्याच हाताखाली तयार झालेला. फाईल कशी उघडावी, टाचणी कुठे टोचावी, सगळं मी शिकवलेलं. त्याने उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, फोटो हातात घेतला आणि खिडकीकडे जाऊन पाहिला. मग ट्यूबलाईटखाली पाहिला.

"सर, फोटो लय भारी आहे. पण चेहरा स्पष्ट दिसाले पाहिजे, असं लिहून आहे."

"अर्धा दिसतो आहे ना. दोघांचाही अर्धा."

"दोन अर्धे मिळून एकच माणूस होते सर. आपल्याले दोन पाहिजे." त्याने पेन काढलं. मी म्हटलं, पेन्सिलने लिही, मी बदलून आणतो. तो ओशाळला. "तुमीच शिकवलं सर, त्रुटी पेन्सिलनं लिहाची नाही." आणि माझ्याच वळणाच्या अक्षरात त्याने माझ्या फाईलवर त्रुटी लिहिली. चौतीस वर्षांत मी लोकांच्या वडिलांच्या नावांवर, जन्मतारखांवर, गावांवर त्रुटी काढल्या. आपल्या तोंडावर निघालेली त्रुटी कशी लागते, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आलो तर रत्नमाला ओसरीवर कॅमेरा घेऊन बसली होती. एकेक फोटो मागे मागे नेत होती. निर्मलाबाई गेल्या, माझ्या पाठी गेल्या आणि तिचा हात थांबला.

"हा काहून नाही दाखवला?"

तलावाच्या गोष्टीचा तो फोटो.

"हलला होता."

"कुठं हलला? सारा तं दिसून राहिला."

मी पिशवी खाली ठेवली. बारा वर्षं जे टाळलं ते आता टाळता येत नव्हतं. "तुझा डाग दिसत होता," मी म्हणालो. "म्हणून नाही दाखवला. मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"अन् हे सारं, काळा कपडा, परात, याच्याचसाठी?"

"हो."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा उठून तांदूळ निवडायला जाईल. ती तशीच बसून राहिली. "मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "दिवा सदा उजवीकडूनच. मी का लहान लेकरू आहो?"

"मग बसलीस कशाला रोज?"

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. "तुमी पाहून राहिले होते म्हणून. दोन-दोन तास. लग्न झालं तवाबी इतकं नाही पाहिलं तुमी मायाकडं. मले वाटलं, अंधार तं अंधार, फोटो आला तं आला, नाही तं नाही. बसू." मग तिचा आवाज बदलला. "पण हा लपवला, ते मले लागलं. लोकायपासून मी लपवतो म्हणून तुमीबी मायापासून लपवाचं का?"

मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. मी तिला म्हणालो, की त्या फोटोत ती फार सुंदर दिसते, आणि हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं, आणि बारा वर्षांपूर्वीही सांगायला हवं होतं. मी एवढं सलग आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तिने ऐकून घेतलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले जाऊ. स्टुडिओत. जेवढे दिवे आहेत तेवढे लावाले सांगू."

जागेश्वरच्या स्टुडिओत निळा पडदा आहे आणि चारी बाजूंनी दिवे. लो-कीचा तिथे वाराही नाही. जागेश्वर चांगला माणूस. त्याने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, मॅडमच्या गालावरचं ते कॉम्प्युटरवर साफ करून देतो, काही कळत नाही. रत्नमालाचे कान तिखट आहेत.

"नाही जी. मंग ऑफिसवाले म्हणतील, बाबूजीनं दुसरीच बाई आणली." तिने पदर डाव्या खांद्यावरून मागे टाकला, मान सरळ केली आणि कॅमेऱ्याकडे अशी पाहू लागली, जशी ग्रामसभेत सरपंचांकडे पाहते. दिवे लागले. फ्लॅश उडाला. संध्याकाळी तीन प्रती मिळाल्या, त्या मी पाकिटातून न काढताच फाईलला लावल्या, कारण आता त्यात पाहण्यासारखं काही उरलं नाही असं मी समजत होतो.

कुलदीपने पाकीट उघडलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं आणि घसा साफ केला.

"सर, मॅडमचा एकदम बरोबर आहे. एक नंबर. पण तुमचा..."

मी फोटो घेतला. रत्नमाला समोर पाहते आहे, पूर्ण चेहरा, दोन्ही गाल, दोन्ही कान. आणि तिच्या शेजारी मी, मान वळवून तिच्याकडे पाहतो आहे. माझा एकच कान दिसतो आणि एक डोळा. आठ दुपारी उजेड तिच्या चेहऱ्यावर कुठे पडतो ते पाहायची सवय लागलेली, फ्लॅश उडाला तेव्हाही मी तेच पाहत होतो आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. कुलदीपने माझ्यासमोर पेनाने लिहिलं : 'कर्मचाऱ्याचा चेहरा पूर्ण दिसत नाही.'

घरी येऊन मी फोटो तिच्या हातात दिला आणि त्रुटी वाचून दाखवली. ती आधी हसली. इतकी हसली की कुंपणापलीकडून टिकारामजींनी काय झालं म्हणून विचारलं. मग फोटो उजेडाकडे धरून पाहत राहिली. तिन्ही प्रती तिने ठेवून घेतल्या. एक बैठकीत लावली, एक भावनाला पाठवली, तिसरी कुठे ठेवली ते तिने मला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जागेश्वरकडे गेलो. त्याच निळ्या पडद्यासमोर, त्याच दोन खुर्च्या. तिने पदर मागे टाकला, माझी हनुवटी धरून चेहरा समोर वळवला आणि जागेश्वरला म्हणाली, "दाबा जी लवकर, हे पुन्हा फिरतेत."